माशाचा मेंदू जखमेनंतर पुन्हा भरून येतो, मग आपला का येत नाही?

ज्ञानदा_गुहागर (धागाकर्ती)

गुहागर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते. चेतासंस्थेचा पाठ शिकवताना, माणसाच्या मेंदूतील चेतापेशी एकदा मेल्या की त्यांच्या जागी नव्या येत नाहीत, असे मी दरवर्षी सांगत आले आहे. या वर्षी दहावीतील एका विद्यार्थ्याने, ज्याच्या घरी पिढ्यानपिढ्या मासेमारीचा व्यवसाय आहे, मला अडवले. झेब्राफिश नावाच्या माशाच्या मेंदूला जखम झाली तरी तो काही आठवड्यांत भरून येतो असे त्याने वाचले होते आणि मग आपला मेंदू तसे का करत नाही, असा त्याचा सरळ प्रश्न होता. प्रश्न इतका रास्त होता की त्यावर वेळ मारून नेणे मला योग्य वाटले नाही.

या विषयातील जाणकारांनी कृपया तीन गोष्टी सांगाव्यात. हे खरोखर घडते का आणि कसे घडते? ते सर्व माशांमध्ये घडते का? आणि माणसात ते का घडत नाही? याखेरीज दोन व्यावहारिक अडचणी आहेत. पहिली अशी की याच माहितीच्या आधारे, माशाच्या डोक्याचे कालवण अर्धांगवायूवर गुणकारी असल्याचा एक संदेश आमच्या पालकांच्या गटात फिरतो आहे. दुसरी अशी की हा विद्यार्थी येत्या विज्ञान प्रदर्शनात माशावर असा प्रयोग प्रत्यक्ष करून दाखवण्याच्या विचारात आहे.

सुकट_प्रेमी

आमच्या घरी बांगड्याचे डोके नेहमी हुशार समजल्या जाणाऱ्या भावंडाला मिळत असे आणि मला शेपटी मिळत असे. सभासदांनी यावरून काढायचा तो निष्कर्ष काढावा.

पेशीवेल्हाळ

मूळचा वेंगुर्ल्याचा असून सध्या पुण्यात पेशीजीवशास्त्राच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

हे घडते, आणि त्याचा पुरावा भक्कम आहे. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग समजून घेण्यासारखा आहे. त्यांनी प्रौढ झेब्राफिशला भूल देऊन तिच्या नाकपुडीतून एक बारीक नळी अग्रमेंदूच्या एका अर्धगोलात घातली. नाकपुडीतून घालण्याचे कारण असे की त्यामुळे कवटी फोडावी लागत नाही आणि मेंदूचा दुसरा अर्धगोल तुलनेसाठी अबाधित राहतो. जखमेनंतर पहिल्या काही दिवसांत तेथील पेशी मरतात, सूज येते आणि शरीराच्या संरक्षक पेशी जमा होतात. इथपर्यंतचा क्रम माणसात होतो तसाच आहे. फरक त्यानंतर पडतो. माशाच्या मेंदूतील पोकळीच्या अस्तरात रेडियल ग्लिया नावाच्या पेशी असतात, त्या वेगाने विभागू लागतात, त्यांच्यापासून कोवळ्या चेतापेशी तयार होतात आणि त्या जखमेच्या दिशेने सरकत जाऊन तेथे परिपक्व होतात. सुमारे तीन आठवड्यांत नव्या चेतापेशी ओळखता येतात आणि तीन महिन्यांनंतरही त्या जिवंत आढळल्या. जखमेच्या जागी कायमचा व्रणही उरला नाही.

या नव्या पेशी कोठून आल्या हे अंदाजाने सांगितलेले नाही. रेडियल ग्लिया पेशींवर आधीच अशी जनुकीय खूण करून ठेवली होती की त्यांच्या पुढच्या सर्व पिढ्यांत ती उतरेल, आणि जखमेच्या जागी सापडलेल्या चेतापेशींवर ती खूण होती.

देवबागकर

आमचे कुटुंब रापणीवर आणि नंतर यांत्रिक नौकेवर काम करणारे. जाळ्यात कधी कधी असे मासे येतात की ज्यांच्या पाठीवर किंवा डोक्याजवळ मोठी जुनी जखम पूर्ण भरून आलेली असते. मोठ्या माशाने चावा घेतलेली सुरमई तर अनेकांनी पाहिली असेल. शिवाय कुर्लीचा डेंगा तुटला तरी तो पुन्हा येतो, हे येथील लहान मुलालाही ठाऊक असते. तेव्हा मेंदू भरून येतो यात मला फारसे नवल वाटले नाही. नवल याचे वाटले की हे शोधून काढायला शास्त्रज्ञांना २०११ साल उजाडावे लागले.

मीनाक्षी_शिरगाव

देवबागकर, आपले निरीक्षण मोलाचे आहे, मात्र त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. कातडी आणि स्नायू भरून येणे ही क्षमता आपल्यातही काही प्रमाणात आहे. कुर्लीचा डेंगा पुन्हा येतो तो कात टाकण्याच्या प्रक्रियेशी जोडलेला आहे आणि कुर्ली पृष्ठवंशीयच नव्हे. मेंदूचे प्रकरण अवघड अशासाठी की तेथे नुसत्या पेशी भरून चालत नाही, त्या पेशींची इतर पेशींशी नेमकी जोडणीही व्हावी लागते.

मी रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकले असल्याने मला या चर्चेत माशांच्या वाढीचा मुद्दा पुढे आणावासा वाटतो. घोळ किंवा ढोमा साफ करताना डोक्यात दोन पांढरे खडे सापडतात. ते कानातील खडे असतात आणि त्यांत थरांवर थर चढत जातात, म्हणून त्यांवरून माशाचे वय काढता येते. बहुतेक मासे प्रौढ झाल्यानंतरही, वेग मंदावला तरी, वाढतच राहतात. शरीर वाढते, स्नायू वाढतात, डोळे मोठे होतात, तेव्हा त्यांना सांभाळणाऱ्या मेंदूलाही वाढावे लागते. सस्तन प्राण्यांचे असे नाही, त्यांची वाढ एका वयाला थांबते. म्हणून माशाच्या मेंदूत नव्या पेशी बनवण्याची व्यवस्था जखमेसाठी मुद्दाम उभी करावी लागत नाही. ती रोज चालूच असते, जखम झाल्यावर ती फक्त अधिक जोराने चालते.

पेशीवेल्हाळ

मीनाक्षीताईंचा मुद्दा अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे आणि त्याला आकड्यांचा आधारही आहे. प्रौढ झेब्राफिशच्या मेंदूत नव्या पेशी जन्मण्याची १६ वेगवेगळी क्षेत्रे नोंदवली गेली आहेत. आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांमध्ये अशी ठळक क्षेत्रे दोनच मानली जातात. गुंटर झुपांक यांनी दक्षिण अमेरिकेतील एका विद्युतनिर्माण करणाऱ्या माशाच्या मेंदूचा दीर्घ अभ्यास केला. त्या माशाच्या मेंदूत कोणत्याही दोन तासांच्या अवधीत सुमारे एक लाख पेशी विभागणीच्या तयारीत असतात आणि त्यांतील बहुसंख्य अनुमस्तिष्कात असतात. त्यांना आणखी एक गोष्ट आढळली. त्या माशाच्या अनुमस्तिष्काला जखम झाली की बाधित पेशी फुटून आपले घटक आजूबाजूला सांडत नाहीत, त्या शिस्तीने आपला शेवट करून घेतात आणि त्यांचे अवशेष उचलले जातात. सस्तन प्राण्यांमध्ये जखमेच्या गाभ्यातील पेशी मोठ्या प्रमाणावर फुटतात आणि त्यांतून बाहेर पडलेले पदार्थ शेजारच्या निरोगी पेशींनाही बाधतात.

कातळसडा

सोप्या भाषेत सांगायचे तर आपला मेंदू माडासारखा आहे आणि माशाचा केळीसारखा. माडाचा शेंडा छाटला की झाड संपले, कारण वाढीचा कोंब एकच असतो. केळ मात्र बुंध्यापाशी तोडली तरी गड्ड्यातून नवे पासांबे येतात. ज्ञानदाताई, वर्गात हे उदाहरण चालेल का?

पेशीवेल्हाळ

उदाहरण छान आहे, पण ते वर्गात वापरताना त्याची मर्यादा सांगावी लागेल, कारण आपल्याकडे गड्डा अजिबात नाही असे म्हणता येत नाही. स्टॉकहोममधील संशोधकांनी २०१३ साली एक विलक्षण युक्ती वापरली. १९५० आणि १९६० च्या दशकांतील अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ वाढला होता आणि नंतर तो हळूहळू घटत गेला, त्यामुळे पेशीच्या डीएनएतील कार्बन-१४ मोजून ती पेशी कोणत्या सुमारास जन्मली हे ठरवता येते. त्यांच्या हिशेबाने प्रौढ माणसाच्या हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी संबंधित भागात प्रत्येक बाजूला दररोज सुमारे ७०० नव्या चेतापेशी जन्मतात. त्यानंतर २०१८ साली एका गटाला प्रौढ माणसाच्या त्याच भागात नव्या चेतापेशी जवळजवळ आढळल्याच नाहीत आणि त्याच वर्षी दुसऱ्या गटाला त्या वार्धक्यातही आढळल्या. हा वाद अजून चालू आहे. मात्र दोन्ही पक्षांना एक गोष्ट मान्य आहे, ती म्हणजे ही निर्मिती झाली तरी ती मोठी जखम भरून काढण्याइतकी नसते.

आडिवऱ्याचे_अण्णा

मी निवृत्त मनुष्य आहे आणि विज्ञानाचा विद्यार्थी नाही, तरीही एक शंका विचारतो. निसर्गाने इतक्या क्षुद्र जीवाला जे दिले ते माणसाला का दिले नाही? माणूस उत्क्रांतीत पुढे गेला, तर त्याच्याकडे हे अधिक असायला हवे होते.

मीनाक्षी_शिरगाव

अण्णा, उत्क्रांती ही जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे मांडलेली नसते, त्यामुळे जो नंतर आला त्याच्याकडे आधीचे सर्व असेलच असे नाही. एखादी क्षमता टिकते किंवा लोप पावते ती त्या जीवाच्या जगण्यात तिचा काय लाभ आहे आणि तिची काय किंमत मोजावी लागते त्यावर. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत, तर झेब्राफिशच्या संपूर्ण मेंदूत सर्व प्रकारच्या मिळून सुमारे एक कोटी पेशी आहेत. आपल्या मेंदूतील जोडण्या आयुष्यभराच्या शिकण्यातून घडतात, त्यामुळे तेथे सतत नव्या पेशी घुसत राहिल्या तर जुन्या जोडण्यांचे काय होईल, हा विचार अनेक संशोधकांनी मांडलेला आहे. तो सिद्ध झालेला नियम नाही, पण विचार करण्याजोगा आहे.

देवबागकर

मीनाक्षीताई, तुमचा खुलासा मान्य. आता माझी शंका अशी आहे की मग सर्वच मासे सारखे असतील का? कारण मासा हा एक प्राणी नव्हे. मोरी आणि मांदेली या दोघांनाही आपण मासाच म्हणतो.

पेशीवेल्हाळ

देवबागकरांनी धागाकर्तीच्या दुसऱ्या प्रश्नालाच हात घातला आहे, आणि माझ्या मते संपूर्ण विषयातील सर्वांत रंजक भाग हाच आहे.

सर्व मासे सारखे नाहीत. जपानमधील भातखाचरांत आढळणारा मेडाका हा मासा झेब्राफिशइतकाच लहान आणि प्रयोगशाळांत तितकाच रुळलेला आहे. २०२१ साली जपानी संशोधकांनी दोन्ही माशांच्या मेंदूतील दृष्टीशी संबंधित भागाला सारखीच जखम करून तुलना केली. रेडियल ग्लिया पेशी दोन्ही माशांत विभागू लागल्या, पण झेब्राफिशमध्ये त्यांच्यापासून चेतापेशी तयार झाल्या आणि मेडाकामध्ये ते फारसे घडले नाही. हृदयाच्या बाबतीतही तेच आहे. झेब्राफिशच्या हृदयाचा जवळजवळ पाचवा भाग कापला तरी तो दोन महिन्यांत पुन्हा वाढतो, हे २००२ साली दाखवले गेले, परंतु मेडाकाच्या हृदयावर व्रण राहतो.

दुसरे उदाहरण किलीफिशचे. हा आफ्रिकेतील झिंबाब्वे आणि मोझांबिक येथील पावसाळी डबक्यांत राहतो. डबके आटण्यापूर्वी त्याला जन्म, वाढ आणि वीण हे सर्व उरकावे लागते, म्हणून त्याचे आयुष्य काही महिन्यांचेच असते आणि म्हातारपण अभ्यासण्यासाठी तो फार सोयीचा ठरतो. बेल्जियममधील संशोधकांना २०२१ साली असे आढळले की तरुण किलीफिशच्या अग्रमेंदूची जखम चांगली भरून येते, तर म्हाताऱ्या किलीफिशमध्ये नव्या पेशींची निर्मिती मंदावते, दाह (जखमेनंतरची सूज आणि संरक्षक पेशींची गर्दी) रेंगाळतो आणि सस्तन प्राण्यांप्रमाणे ग्लिया, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींचा व्रण उरतो. म्हणजे एकाच जातीच्या माशाच्या आयुष्यात दोन्ही टोके पाहायला मिळतात.

कातळसडा

आमच्या सड्यावर पावसाळ्यात साचणारी आणि दिवाळीपर्यंत आटणारी डबकी डोळ्यांसमोर आली. मग मेडाकामध्ये नेमके काय कमी पडते? पेशी विभागतात आणि तरीही चेतापेशी होत नाहीत, हे मला समजले नाही.

पेशीवेल्हाळ

पेशी विभागणे ही एक पायरी आहे आणि विभागलेल्या पेशीने चेतापेशी होण्याचा मार्ग धरणे ही वेगळी पायरी आहे. दुसऱ्या पायरीसाठी विशिष्ट जनुके चालू व्हावी लागतात. ड्रेस्डेनच्या त्याच प्रयोगशाळेने २०१२ साली असे दाखवले की झेब्राफिशमध्ये या साखळीला सुरुवात करून देतो तो दाह. त्यांनी मेंदूला मोठी जखम न करता यीस्टच्या पेशीभित्तिकेपासून मिळणारा, दाह निर्माण करणारा एक पदार्थ मेंदूत सोडला, तरीही रेडियल ग्लिया विभागू लागल्या आणि नव्या चेतापेशी बनू लागल्या. उलट दाह दाबणारे औषध दिले तेव्हा जखम होऊनही ही प्रतिक्रिया मंदावली. दाहाच्या वेळी निर्माण होणारा ल्युकोट्रिन सी-४ नावाचा रेणू हा निरोप पोहोचवतो आणि त्यामुळे गाटा-३ हे जनुक चालू होते, असेही त्यांनी दाखवले.

आपल्याकडे मेंदूतील दाहाकडे बहुतांशी हानिकारक गोष्ट म्हणून पाहिले जाते, त्यामुळे हा निष्कर्ष अनेकांना चकित करून गेला.

डॉ_खाडीपलीकडे

मी चेतारोगतज्ज्ञ आहे आणि रत्नागिरी जिल्ह्यात रुग्ण पाहतो. वरचा प्रतिसाद वाचून कोणी घाईने अर्थ काढण्यापूर्वी लिहिणे आवश्यक वाटले. माशात दाह हा दुरुस्तीचा आरंभ ठरतो, यावरून माणसाच्या मेंदूतील दाह वाढू द्यावा असा अर्थ होत नाही. रुग्णाच्या मेंदूला सूज आली की कवटीच्या आत दाब वाढतो आणि तो जिवावर बेतू शकतो. त्याच निरोपाला प्रतिसाद देणाऱ्या पेशी आपल्या मेंदूत तशाच स्वरूपात उपलब्ध नाहीत, त्यामुळे निरोप पोहोचला तरी काम करणारे कोणी नसते.

आपल्यात रेडियल ग्लिया गर्भावस्थेत असतात. मेंदू घडवण्याचे काम झाल्यावर त्यांपैकी बहुतेकांचे रूपांतर ॲस्ट्रोसाइट या आधारपेशींत होते. जखम झाली की याच ॲस्ट्रोसाइट पेशी एकत्र येऊन व्रण तयार करतात. अनेक वर्षे असे मानले जात होते की हा व्रण म्हणजे केवळ अडथळा आहे. आज चित्र इतके सरळ राहिलेले नाही. व्रण तयार होऊ दिला नाही तर दाह निरोगी भागात पसरतो, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे आणि २०१६ सालच्या एका अभ्यासात व्रण काढून टाकल्यावर चेतातंतूंची वाढ सुधारण्याऐवजी खालावली. तात्पर्य, व्रण हा शत्रू आहे आणि तो हटवला की आपण मासा होऊ, असे नाही.

आणखी एक गोष्ट. प्रयोगातील माशाला झालेली जखम ही बारीक आणि मर्यादित असते. पक्षाघातात रक्तवाहिनी बंद पडल्याने मेंदूचा मोठा भाग रक्ताविना राहतो आणि मोठी रक्तवाहिनी बंद पडल्यास दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा एक प्रसिद्ध अंदाज आहे. म्हणून येथील वाचकांना माझे सांगणे एवढेच की तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक दिसले तर रुग्णाला तत्काळ सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि कोकणातील वळणावळणांच्या रस्त्यांवर त्यातील बराचसा वेळ प्रवासातच जातो. घरी उतारा काढण्यात किंवा मालिश करण्यात तो वाया जाऊ नये.

सुकट_प्रेमी

डॉक्टरसाहेब, माशाच्या डोक्याच्या कालवणाविषयीही एकदा अधिकृत निर्णय द्यावा, म्हणजे आमच्या घरातील जुना वाद मिटेल.

डॉ_खाडीपलीकडे

कालवण अवश्य खावे, ते चविष्ट असते. माशांतील ओमेगा-३ स्निग्धाम्ले आहारात असणे चांगलेच आहे. परंतु माशाच्या मेंदूतील पेशी आपल्या पोटात गेल्यावर पचतात, त्या पेशी म्हणून आपल्या मेंदूत पोहोचत नाहीत, त्यामुळे पक्षाघातावर कालवणाचा उपचार होऊ शकत नाही. ज्या रुग्णाला गिळताना त्रास होतो त्याला तर काटे असलेले डोके देणे धोक्याचे आहे. पालकांच्या गटात ज्ञानदाताईंनी एवढे स्पष्ट लिहावे.

पक्षाघातानंतर रुग्ण सुधारतात, हे खरे आहे. मात्र ती सुधारणा मुख्यतः उरलेल्या चेतापेशींनी नव्या जोडण्या करून आणि कामाची वाटणी बदलून घडवलेली असते. म्हणूनच भौतिकोपचार आणि वाचोपचार नियमाने करावे लागतात.

आडिवऱ्याचे_अण्णा

जोडण्यांचा विषय निघाला म्हणून विचारतो. माशाच्या नव्या पेशी योग्य ठिकाणी जोडल्या जातात हे कसे कळते? चुकीच्या जोडल्या गेल्या तर मासा उजवीकडे जायचे म्हणून डावीकडे जाईल.

पेशीवेल्हाळ

अण्णा, आपण गमतीने विचारलेला प्रश्न रॉजर स्पेरी यांनी १९४० च्या दशकात प्रत्यक्ष प्रयोगाने विचारला होता. त्यांनी बेडूक आणि सॅलमँडर यांसारख्या उभयचरांची नेत्रचेता कापून डोळा १८० अंशांत फिरवून ठेवला. चेता पुन्हा वाढली, दृष्टीही आली, परंतु त्या प्राण्याला जग उलटे दिसू लागले. भक्ष्य वर असेल तर तो खाली झेप घेई आणि अनुभवाने ही चूक कधीही सुधारली नाही. याचा अर्थ वाढणारा प्रत्येक चेतातंतू आपला जुना पत्ता शोधत मेंदूतील ठरलेल्या ठिकाणी परत गेला होता. पुढे १९६३ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने गोल्डफिशमध्येही तंतू आपापल्या ठरलेल्या जागी परत जातात असे दाखवले. स्पेरी यांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले, अर्थात ते मेंदूच्या दोन अर्धगोलांवरील वेगळ्या कामासाठी होते.

मेरुरज्जूच्या बाबतीत तर परिणाम डोळ्यांनी दिसतो. झेब्राफिशचा मेरुरज्जू पूर्ण कापला की मागचा भाग लुळा पडतो आणि सहा ते आठ आठवड्यांत मासा पुन्हा पोहू लागतो. कापलेल्या दोन टोकांमध्ये ग्लिया पेशी एक पूल बांधतात आणि त्यावरून चेतातंतू पलीकडे जातात. हा पूल बांधण्यात सीटीजीएफ-ए या जनुकाचा वाटा असल्याचे २०१६ साली अमेरिकेतील गटाने दाखवले. हेच जनुक सीसीएन-२-ए या नावानेही ओळखले जाते आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्याचा झेब्राफिशच्या मणक्यांमधील चकती पुन्हा निर्माण होण्याशी असलेला संबंध दाखवला गेला आहे. मोहालीच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत झेब्राफिशच्या दृष्टिपटलाच्या पुनर्निर्मितीवर काम होते. तेव्हा हे सर्व परदेशातच चालते असे विद्यार्थ्यांनी समजू नये.

मीनाक्षी_शिरगाव

यात आणखी भर घालते की झेब्राफिश हा मूळचा आपल्या उपखंडातलाच मासा आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातील माशांचे वर्णन करताना त्याची नोंद केली. त्याचे मोठ्या आकाराचे नातेवाईक, डेव्हॅरिओ या गटातील मासे, आपल्या सह्याद्रीतून उतरणाऱ्या ओढ्यांत आजही दिसतात. अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेत आणून रुळवले आणि १९८१ साली त्यांचा महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

देवबागकर

म्हणजे मासा आमचा, अभ्यास त्यांचा आणि आता औषध झाले की तेही त्यांच्याकडूनच विकत घ्यायचे. असो. औषध होण्याची काही चिन्हे आहेत का, हे पेशीवेल्हाळ यांनी सांगावे. माझ्या थोरल्या भावाला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला आहे, त्यामुळे हा प्रश्न मी केवळ कुतूहलाने विचारत नाही.

पेशीवेल्हाळ

देवबागकर, आपल्या प्रश्नाला खोटी आशा न लावणारे उत्तर द्यायला हवे. मेंदूतील मेलेला भाग पुन्हा वाढवणारे कोणतेही मान्यताप्राप्त औषध आज नाही. कोणी स्टेम सेलच्या नावाने लाखो रुपये मागत असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक पैसाही देऊ नये.

संशोधनाची दिशा मात्र ठरलेली आहे. माशात जी जनुके चालू होतात ती आपल्या पेशींतही आहेत, ती फक्त बंद आहेत. २०१७ साली सिॲटलच्या संशोधकांनी प्रौढ उंदराच्या दृष्टिपटलातील म्युलर ग्लिया पेशींमध्ये एएससीएल-१ हे जनुक मुद्दाम चालू केले, डीएनएची घट्ट गुंडाळी सैल करणारे एक रसायन सोबत दिले आणि जखम झालेल्या दृष्टिपटलात त्या पेशींपासून नव्या चेतापेशी मिळवल्या. मला हा प्रयोग महत्त्वाचा वाटतो तो अशासाठी की सस्तन प्राण्याच्या ग्लिया पेशीतही ही शक्यता शिल्लक आहे हे त्यातून दिसले.

दुसऱ्या बाजूला सावध राहण्याचे कारणही ताजे आहे. मेंदूतील ॲस्ट्रोसाइट पेशींतील पीटीबीपी-१ हे एकच जनुक दाबले की त्यांची चेतापेशी होते, असा दावा २०२० साली मोठ्या नियतकालिकांतून झाला आणि वर्तमानपत्रांत त्याचा खूप गाजावाजा झाला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने पेशींचा वंश काटेकोरपणे तपासला, तेव्हा त्या चेतापेशी नव्याने तयार झालेल्या नसून आधीपासूनच तेथे होत्या, असे दिसले. ड्रेस्डेनच्या प्रयोगातील खुणेचे मी सुरुवातीला इतके कौतुक केले ते याचसाठी.

डॉ_खाडीपलीकडे

देवबागकर, आपल्या बंधूंना झटका येऊन किती काळ झाला आणि सध्या कोणते उपचार चालू आहेत, हे मला व्यक्तिगत संदेशाने कळवावे. सर्वाधिक सुधारणा पहिल्या काही महिन्यांत होते, तरी त्यानंतरही नियमित व्यायामाचा उपयोग होतो. रक्तदाबाची गोळी बंद झाली नाही ना, हे आधी पाहावे.

ज्ञानदा_गुहागर (धागाकर्ती)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाली आणि पालकांच्या गटात डॉक्टरांचा कालवणाविषयीचा प्रतिसाद त्यांची परवानगी असल्यास जसाच्या तसा पाठवते. आता उरला तो प्रदर्शनाचा प्रश्न. सुई टोचण्याचा प्रयोग शाळेत होणार नाही हे मी विद्यार्थ्याला सांगितले आहे, परंतु तो हिरमुसला आहे. त्याऐवजी काय करता येईल?

मीनाक्षी_शिरगाव

आपला निर्णय योग्यच आहे. पृष्ठवंशीय प्राण्यांवरील प्रयोगांसाठी आपल्या देशात नोंदणीकृत संस्था, नैतिक समितीची मान्यता आणि भूल देण्याची व्यवस्था लागते. शाळेत ते करणे नियमात बसत नाही आणि माशाच्या दृष्टीने पाहिले तरी ते क्रूर आहे.

यापेक्षा सुंदर गोष्ट त्याला दाखवता येईल. शोभिवंत माशांच्या दुकानात झेब्राफिश झेब्रा डॅनिओ या नावाने स्वस्तात मिळतात. साधारण २८ अंश तापमान त्यांना मानवते, त्यामुळे आपल्याकडे पाणी तापवण्याचे यंत्रही बहुधा लागणार नाही. काही नर आणि काही माद्या एका काचेच्या टाकीत ठेवाव्यात आणि तळाशी मुलांच्या खेळातील गोट्यांचा थर पसरावा, कारण हे मासे स्वतःचीच अंडी खातात आणि गोट्यांच्या फटींतून खाली पडलेली अंडी तेवढी वाचतात. ते पहाटे उजेड होताच अंडी घालतात. अंडी आणि त्यातील भ्रूण पारदर्शक असतात. शाळेच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही पेशींचे विभाजन दिसते, साधारण चोवीस तासांनी हृदय धडधडताना दिसते आणि त्याच सुमारास डोक्याच्या भागात मेंदूचे फुगवटे ओळखू येतात. त्या वेळी मेंदू घडवणाऱ्या पेशींपासूनच पुढे रेडियल ग्लिया होतात आणि माशात त्या आयुष्यभर टिकतात, हे फलकावर लिहिता येईल.

कातळसडा

गोट्या किती इंच जाडीच्या थरात पसराव्यात? आणि अंडी बाहेर काढायची कशी?

मीनाक्षी_शिरगाव

दोन थर पुरेत. सकाळी मासे दुसऱ्या भांड्यात हलवून, गोट्या काढून, तळाचे पाणी बारीक रबरी नळीने चहाच्या गाळणीत ओढून घ्यावे. पांढरी पडलेली अंडी लगेच वेगळी काढावीत, नाहीतर त्यांच्यावरील बुरशी उरलेल्या अंड्यांना लागते. पिल्ले दोन ते तीन दिवसांत बाहेर येतात, त्यामुळे प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी पहाटेची अंडी मिळाली तर परीक्षक येतील तेव्हा हृदय चालू असलेले भ्रूण दाखवता येतील. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून पाणी आधी एक दिवस उघडे ठेवावे. विहिरीचे असेल तर तसेच चालेल.

सुकट_प्रेमी

प्रदर्शन संपल्यावर त्या माशांना कालवणापासून संरक्षण मिळावे, अशी माझी समितीकडे विनंती आहे.